भुरीचं माहेर

एकोणतीस वर्षं मी पिकांच्या औषधांचं दुकान चालवते आहे. माणसं वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात घालून, कधी नुसती खिशात चुरगाळून पानं आणतात आणि माझ्यापुढच्या फळीवर ठेवतात. मी चष्मा लावते, पान उलटंसुलटं करते आणि चहा निवायच्या आत रोगाचं नाव, औषध, प्रमाण आणि चार खडे बोल त्यांच्या पदरात टाकते. खडे बोलांचे पैसे घेत नाही.

सगळ्यांत ओळखायला सोपी भुरी. पानाला कुणी पिठाची बोटं पुसली आहेत असं वाटतं. आधी खालच्या जुन्या पानांवर पांढरे ठिपके, मग वर. आठवड्यात पान पांढरं, पंधरवड्यात पिवळं आणि महिन्यात वेलीची नुसती दोरी उरते. हिला पानावर पाणी साचायला लागत नाही, कोंडलेली दमट हवा आणि सावली पुरते. त्यामुळे माझा उपदेशही ठरलेला आहे. वेली दाटीनं लावू नका, खालची पानं खुडा, वारा खेळू द्या, खत ओतून वेल माजवू नका आणि पहिला ठिपका दिसला की त्याच दिवशी गंधक फवारा. ‘उद्या बघू’ म्हणालात तर माझ्याकडे येऊ नका.

आणि माझा सख्खा थोरला भाऊ भुरी पाळायचा.

दादा जन्मभर एका बियाणं केंद्रात काकडीच्या नव्या जाती तयार करायच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं घरामागे काचघर बांधलं आणि भुरी न लागणारी काकडी काढायचा ध्यास घेतला. त्यासाठी तो रोगट पान घेऊन धडधाकट रोपांवर झटकायचा, खिडक्या लावून घ्यायचा आणि कोण पांढरं होत नाही ते बघत बसायचा. जी वेल त्यातल्या त्यात स्वच्छ राहील तिचं बी धरायचं, पुढच्या खेपेला तेच पेरायचं, पुन्हा रोग सोडायचा. रोग ही त्याची चाळणी होती. मी त्या काचघराला भुरीचं माहेर म्हणायचे. चार माणसांत म्हणायचे, वहिनींच्या तोंडावरही म्हणायचे. लोक हसले की मला बरं वाटायचं.

दादानं मला तिथे पाऊल टाकू दिलं नव्हतं. “तुझ्या अंगाला गंधकाचा वास येतो,” म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. बंद जागेत गंधकाची नुसती वाफ भुरीला पुरते, आणि माझ्या साड्या पेटीतून काढतानाही वास मारतात. पण माझा राग नाकावर. मला तो अपमान वाटला आणि चार वर्षं मी काचघराच्या दाराकडे फिरकले नाही.

या खेपेला त्यानं चौऱ्याऐंशी वेली लावल्या होत्या. पिढी आठवी. रोग झटकून सहा दिवस झाले होते, कुठे कुठे ठिपके उठायला लागले होते आणि पंधराव्या दिवशी मोजणी व्हायची होती. सातव्या दिवशी दादा न्हाणीघरात कोसळला. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच पुन्हा शिवलं. शुद्धीवर आल्यावर वहिनींना त्यानं एवढंच सांगितलं की वेलींना नुसतं पाणी घाल. जास्त बोलायची ताकद नव्हती, आणि कामातलं काही बायकोला समजावून सांगायची त्याला सवयही नव्हती.

चार दिवसांनी वहिनी माझ्या दुकानात आल्या. पस्तीस वर्षांत त्या दुकानात आल्या असतील चार-पाच वेळा. आम्ही भांडलो कधीच नाही, पण गप्पाही कधी मारल्या नाहीत. त्यांनी रुमालातून एक पान काढून फळीवर ठेवलं. काकडीचं पान, पांढरंफटक. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. वहिनींच्या स्वैपाकघराच्या भिंतीलगत दर साली घरापुरत्या चार काकड्या असतात. हे पान तिथलंच असं मी धरून चालले.

उंटावरून शेळ्या हाकायची माझी जुनी खोड. मी पुडी काढली आणि पाठ म्हणून दाखवला. लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर, ऊन तापलं की नाही, नाहीतर पानं करपतात. पानाच्या दोन्ही अंगांनी भिजवायचं. त्याआधी खालची पानं खुडून पिशवीत बांधून लांब टाकायची. खिडकी-दार असेल तर उघडं ठेवायचं. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. वहिनींनी माझंच पेन घेऊन पुडीच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं आणि आणखी दोन पुड्या मागितल्या. चार वेलींना तीन पुड्या कशाला, हा प्रश्न माझ्यासारखीला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण तेवढ्यात एकजण पाव किलो औषध उधार मागत होता आणि मी त्याला झापण्यात गुंग होते.

विसाव्या दिवशी दादाला दवाखान्यातून घरी सोडलं. आता जे काही आहे ते घरीच, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते मी विचारलं. त्यांनी महिना सांगितला आणि तोही खात्रीनं नाही.

घरी आल्या आल्या दादा म्हणाला, मला मागे घेऊन चला. आम्ही त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी दारापाशी थांबले तर तो म्हणाला, तूही ये. वहिनी पुढे होत्या. त्यांनी दार उघडलं आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

चौऱ्याऐंशी वेली छपरापर्यंत हिरव्यागार. खालची पानं एकसारखी खुडलेली, खिडक्या उघड्या, जमीन झाडलेली. एका पानावर एक ठिपका नाही. गंधकाचा वास माझ्या नाकात शिरला. कसल्या भिंतीलगतच्या चार वेली, ते पान इथलं होतं. वहिनींनी माझा पाठ इथे गिरवला होता, आणि माझ्या एकाही गिऱ्हाइकानं आजवर गिरवला नसेल इतका चोख. भुरी सगळ्याच वेलींवरून गेली होती. ज्यांच्यावर ती कधी आलीच नसती त्या वेली कोणत्या, हे सांगणारं आता तिथे काही उरलं नव्हतं.

दादानं या टोकापासून त्या टोकापर्यंत वेली बघितल्या. वास त्यालाही आला असणारच, आयुष्य त्यातच गेलं होतं. मग तो वहिनींकडे वळून म्हणाला, “छान ठेवलंस.”

वहिनी चहा टाकते म्हणून आत गेल्या.

“औषध तुझं,” दादा म्हणाला. तो विचारत नव्हता.

मी हो म्हटलं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. वहिनींचा आला, माझा आला आणि सगळ्यांत जास्त त्याचा आला. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला दोन वाक्यं समजावून सांगायला काय झालं होतं याला? तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. खुर्चीतल्या माणसाचं मनगट माझ्या अंगठ्याएवढं राहिलं होतं.

“तिला कळू द्यायचं नाही,” तो म्हणाला. “तिनं माझ्यासाठी केलंय.”

मग त्यानं मला शांतपणे सांगितलं की बुडालं काहीच नाही. प्रत्येक वेलीचं बी वेगळं धरायचं, पुढच्या हंगामात पेरायचं, रोग सोडायचा, की लेकरांवरून आई कळेल. चार-पाच महिन्यांचा प्रश्न. हे तो असं सांगत होता की चार-पाच महिने म्हणजे जणू परवाचा बाजार. मी म्हटलं, ते तुझ्या वेलींचं झालं, तुझं काय? तुला लवकर कळायची काही वाट नाही का?

एक वाट होती. फवारणीनंतर फुटलेल्या शेंड्याच्या पानांवर गंधक पडलेलं नसतं. प्रत्येक वेलीचं असं एक कोवळं पान घ्यायचं, स्वच्छ धुवायचं, त्याचा रुपयाएवढा गोल तुकडा कापायचा, ओल्या टिपकागदावर ठेवून काचेच्या बशीत झाकायचा आणि वर भुरी टाकायची. दहा दिवसांत निकाल. फक्त त्याला जिवंत भुरी हवी.

“आणि तू एकदा मारलीस की ती शिल्लक राहत नाही,” दादा म्हणाला. मला बोल लावला म्हणायचा तर तेवढाच.

दुसऱ्या दिवसापासून मी भुरी शोधायला निघाले. काकडी, भोपळा, दोडका, काहीही चाललं असतं. पण गावात माझी ख्याती अशी, की मी कुंपणापाशी दिसले रे दिसले की माणसं रोगट पानं खुडून पाठीमागे लपवायची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी मात्र ते भांडं पदराआड धरून तीन दिवस दारोदार फिरले. सहज आले होते, वेली कशा आहेत? उत्तम आहेत, तुम्ही सांगितलं तसंच करतो. एकानं तर मला खूश करायला माझ्यादेखत पंप पाठीवर घेतला आणि गंधक फवारायला लागला.

शेवटी मला शिंपी आठवला. त्याला मी सगळ्यांसमोर ‘उद्याबघू’ असं नाव ठेवलं होतं आणि ते गावभर झालं होतं. त्याच्या कामाच्या खोलीच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल असतो आणि त्यावर त्यानं जन्मात एक थेंब फवारलेला नाही. मी गेले तेव्हा तो मशीनवर होता. मला पाहून उठलाच. म्हणाला, उद्या नक्की मारतो. मी वर बघितलं. आख्खा वेल पिठात लोळल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला वाटलं मला त्याच्या भोपळ्याचं एवढं वाईट वाटलं. मी म्हटलं, मारू नकोस, मला यातली पाच पानं दे. त्यानं दहा दिली आणि भीतभीत विचारलं की हा काही नवा रोग आहे का. मी त्याला सगळं खरं सांगितलं. ते नाव ठेवल्याबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, नावाचं काय एवढं, आणि पत्र्यावर चढून आणखी चार पानं घेऊन आला.

काचघरात शिरायच्या आधी मी दोनदा डोक्यावरून अंघोळ केली आणि शेजारणीचे कपडे घातले. वहिनींना सांगितलं, शेंडे मोडून घेते, म्हणजे फांद्या फुटतील. त्या बघत होत्या. बरं म्हणाल्या. चौऱ्याऐंशी पानं, प्रत्येकाला वेलीच्या क्रमांकाची चिठ्ठी. माझ्या घरच्या मागच्या खोलीत मी सात बश्या मांडल्या, एकेकीत बारा तुकडे. शिंप्याच्या पानांवरची भुरी मऊ ब्रशनं एकेका तुकड्यावर झटकली. आयुष्यभर जिला मारत आले तिला अशी हळुवार पसरवत होते. खिडकीपाशी उजेड राहील पण ऊन लागणार नाही अशा बेतानं बश्या ठेवल्या आणि वाट बघत बसले.

चौथ्या दिवशी पहिले ठिपके आले. पाचव्या दिवशी निम्मे तुकडे गेले. रोज संध्याकाळी मी दादाकडे जायचे आणि वहिनी पाणी आणायला वळल्या की त्याच्या कानात आकडे सांगायचे. सत्तर गेले, चौदा राहिले. पाच राहिले. त्याचे डोळे पिवळे झाले होते, जेवण दोन चमच्यांवर आलं होतं, पण आकडे ऐकताना तो पूर्वीचा दादा व्हायचा. एकदा त्यानं विचारलं की टिपकागद रोज ओला करतेस ना, आणि मी हो म्हटल्यावर म्हणाला, जास्त ओला करू नकोस, तुझा हात सढळ आहे.

नवव्या दिवशी संध्याकाळी एकच तुकडा राहिला होता. सत्तावन्न नंबर. बाकी सगळ्या बश्या पांढऱ्या, आणि पाचव्या बशीत मधोमध तो एक हिरवा. दहाव्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. हिरवाच. मी दुकान न उघडता ती बशी पदराखाली घेऊन दादाकडे गेले. वाटेत ओळखीचे भेटले त्यांच्याशी बोलले नाही. किती वर्षांनी मला असा आनंद झाला होता, आठवत नाही.

दादा उशाला टेकून होता. त्याचं जुनं पितळी भिंग त्यानं आदल्या दिवसापासून हाताशी घेऊन ठेवलं होतं, पण ते उचलायला गेला तर हात वर येईना. त्यानं वहिनींना सांगितलं, हिच्यासाठी चहा टाक.

वहिनी हलल्या नाहीत. “मी इथेच थांबते,” त्या म्हणाल्या. “कोणती ते मलाही बघायचंय.”

माझ्या पदराखाली बशी तशीच होती.

“पस्तीस वर्षांत माझ्या कामात तुम्ही चूक काढली नाहीत असं एकदाही झालं नाही,” त्या दादाला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “भाजी झाली तर मीठ, अंथरूण घातलं तर सुरकुती. त्या दिवशी दारात म्हणालात, छान ठेवलंस. तेव्हाच कळलं मला, माझ्या हातून काहीतरी मोठं मोडलंय. काय मोडलंय ते कळायला दोन दिवस लागले. तुमच्या वह्या वाचल्या मी.”

दादानं डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, चूक माझी आहे वहिनी, पान कुठलं हे मी विचारायला हवं होतं. त्या माझ्याकडे वळल्या. “मीच सांगितलं नाही, वन्सं. तुम्ही भुरीचं माहेर म्हणून हसता. हे दवाखान्यात पडलेले असताना मला ते ऐकवलं नसतं. रोग सगळीकडे आलाय म्हणजे यंदाही फसलं, असं वाटलं मला. निदान घरी येतील तेव्हा हिरवं दिसू दे.”

मला जे वाटलं त्याला लाज हा शब्द अपुरा आहे. मी बशी काढून पलंगावर ठेवली.

दादानं डोळे उघडले. भिंग वहिनींकडे सरकवलं आणि म्हणाला, तूच बघ. त्यांनी बशी खिडकीपाशी नेली, भिंग डोळ्याला लावलं आणि डाळीतले खडे वेचताना बसतात तशा मान वाकवून एकेक तुकडा बघत गेल्या. सत्तावन्नवर थांबल्या.

“अगदी स्वच्छ?” दादानं विचारलं.

मी वहिनींकडे बघत होते. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला आणि मला कळलं. हो म्हणा, मी मनातल्या मनात ओरडत होते. त्याला कुठे दिसणार आहे आता? एवढं एक हो म्हणा.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “तीन ठिपके आहेत. बारीक. कडेला.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. चार वर्षं, आठ पिढ्या, आणि हाताशी उरलेले थोडे दिवस, आणि ही बाई त्याला तीन ठिपके मोजून सांगते.

दादा छताकडे बघत होता. मग त्यानं मला विचारलं, बाकीचे कधी गेले. मी म्हटलं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून, बहुतेक आठवड्याच्या आत. आणि हे ठिपके? काल संध्याकाळपर्यंत नव्हते, मी म्हटलं. निदान मला तरी दिसले नव्हते.

“म्हणजे लागते, पण उशिरा लागते,” तो म्हणाला. एकेक शब्दानंतर थांबत होता. “लागणारच नाही अशी मला मिळाली नाही. पण ही वेळ काढते. एवढ्या वेळात माणसाचे काकडीचे दोन तोडे निघतात. फवारण्या निम्म्या होतात.” मग त्यानं मान वळवली. “सत्तावन्नचं बी धर. मी नसेन.”

वहिनी म्हणाल्या, “धरते.”

“काकडी पिवळी होऊन देठाशी सुटू दे, तोवर तोडू नकोस. पेरल्यावर रोप हातभर झालं की रोग सोडायचा. हिच्याकडून पान घे. पांढरं झालं तरी नुसतं बघायचं, रोज लिहायचं.”

“हो.”

“आणि फवारायचं नाही.”

दोन आठवडे त्या घरात हे कुणी बोललं नव्हतं. वहिनींनी भिंग पलंगावर ठेवलं. “नाही फवारणार,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातावर डोकं टेकून रडायला लागल्या. दादानं त्यांना रडू दिलं.